एक घाट उतरताना, एक घाट चढताना

हिमालयातील खिंडींची वर्णने वाचली म्हणजे मन दबून जाते. चार हजार मीटर, पाच हजार मीटर असे आकडे तिथे सहज भेटतात. त्यांच्या शेजारी आपल्या सह्याद्रीचे घाट उभे केले तर ते अगदीच ठेंगणे दिसतील. कोल्हापूरच्या पश्चिमेला असलेले करूळ, भुईबावडा आणि फोंडा हे घाट घ्या. त्यांचा माथा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांच्या आसपास आहे. एस.टी.च्या गाडीत खिडकीशी बसून एक डुलकी घ्यावी, तेवढ्यात घाट सरतो. आणि पुष्कळांना त्याची आठवण राहते ती पोटात ढवळल्याचीच. परंतु उंची ही केवळ आकड्यांत नसते. ती आपण कोणत्या वाहनावर बसून चढतो, यावरही अवलंबून असते. सायकलीवर बसलेल्या माणसाला ६०० मीटर ही काही थट्टा नव्हे.

२०१७ च्या डिसेंबरात मी आणि माझा तेरा वर्षांचा भाचा कोल्हापुराहून सायकलीवर निघालो. बेत असा होता की, पहिल्या दिवशी गगनबावडा गाठावा, दुसऱ्या दिवशी सकाळी भुईबावड्याचा घाट उतरून कोकणात जावे, दुपारी फोंड्याच्या घाटाने पुन्हा वर चढून दाजीपूरच्या जंगलात मुक्काम करावा आणि तिसऱ्या दिवशी राधानगरीवरून घरी यावे. एका दिवसात एक घाट उतरायचा व दुसरा चढायचा, ही कल्पना भाच्याची. नकाशावर ते अंतर त्याच्या करंगळीएवढे भरले होते. दोघांच्याही सायकली साध्या, काळ्या, विनागिअरच्या होत्या. कॅरियरवर एकेक पांघरूण, पंप, पाना, पंक्चरचे सामान आणि भाकऱ्यांचे गाठोडे एवढाच संसार. माझ्या ताईने, म्हणजे त्याच्या आईने, परवानगी देताना एकच अट घातली होती : रोज दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोहोचायचे. दाजीपूरच्या बाजूला संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात, हे तिने ऐकले होते. मी तिला शब्द दिला होता.

कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर सुमारे ५५ किलोमीटरांचे. पहिला निम्मा रस्ता उसाच्या रानांतून जातो. डिसेंबर हा गुऱ्हाळांचा हंगाम. काहिलीत रस उकळत असतो आणि त्याचा गोड, जडसर वास रस्त्यावर पसरलेला असतो. मोटारीतून जाणाऱ्याला हा वास क्षणभर येतो न येतो तोच मागे पडतो. सायकलवाल्याला मात्र एका गुऱ्हाळाचा वास सुटण्यापूर्वी दुसऱ्याचा येऊन मिळतो. एका शेतकऱ्याने आम्हांला थांबवून गरम गूळ हातावर ठेवला आणि “दमानं जावा, बाळ हाय संगं,” असे बजावले. भाच्याला ‘बाळ’ हा शब्द फारसा आवडला नाही. गूळ मात्र आवडला.

कळे गाव मागे पडल्यावर देखावा हळूहळू बदलतो. उसाची जागा भात घेते, भाताची जागा झाडी घेते आणि घरांची छपरे अधिक उतरती होत जातात. ही छपरे म्हणजे पावसाची मोजमापेच होत. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अवघ्या ५५ किलोमीटरांवरच्या गगनबावड्यात तो त्याच्या पाच-सहा पट पडतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीला थडकतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार तिथेच ओततात. पुढे पूर्वेला जाताना त्यांच्याजवळ थोडेच उरते. हे मी भाच्याला सांगू लागलो तेव्हा त्याने ते पाठ्यपुस्तकात वाचल्याचे सांगितले. परंतु छपरांचा उतार पाहून पावसाचा अंदाज करावा, हे काही पुस्तकात नव्हते. मग त्याने प्रत्येक गावाची छपरे निरखण्याचा नादच घेतला.

गगनबावड्याला संध्याकाळी पोहोचलो. गावाच्या डोक्यावर गगनगड उभा आहे. हे गाव पूर्वी रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याच्या जहागिरीचे. ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील प्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते म्हणून ज्यांना ओळखतात, तेच हे रामचंद्रपंत. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणी झाडांविषयी एक आज्ञा आहे. जहाजांना लाकूड लागते हे खरे. परंतु रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती मुलांसारखी वाढविलेली असतात, असा तिचा आशय आहे. राज्यकारभाराच्या धकाधकीत एखाद्या माणसाला झाड वाढायला लागणारा वेळ आठवावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या रात्री खिडकीतून दिसणाऱ्या काळ्याभोर झाडीकडे पाहताना मला ती आठवली.

सकाळी साडेसातला निघालो तेव्हा सगळीकडे धुके होते. पाच मिनिटांत आम्ही कड्याच्या टोकाशी आलो आणि धुके विरळ झाले. भाचा एकदम ब्रेक लावून थांबला. “मामा, डोंगर कुठे आहे?” त्याने विचारले.

त्याचा प्रश्न रास्त होता. आदल्या दिवशी आम्ही ५५ किलोमीटर आलो होतो. वाटेत चढउतार लागले, पण ‘आता डोंगर चढलो’ असे एकदाही वाटले नव्हते. कारण तिथे चढायचा डोंगर नव्हताच. कोल्हापूर शहरच मुळी साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर वसले आहे. देशावरून येणाऱ्याला सह्याद्री हा डोंगर नसून एका विशाल ओट्याची कड आहे. ओट्यावरून चालत चालत यावे आणि एकाएकी पायरी संपावी, तसे तिथे होते. डोंगर दिसतो तो खालच्या माणसाला. कोकणातल्या माणसाला पूर्वेकडे पाहिले की आभाळाला टेकलेली भिंत दिसते, आणि त्याच भिंतीच्या माथ्यावर राहणाऱ्याला आपण भिंतीवर आहोत याचा पत्ताही नसतो.

गगनबावड्यापासून खाली जाणारे दोन घाट फुटतात : एक करूळचा आणि एक भुईबावड्याचा. नावांची मौज पाहा. वरचा बावडा गगनातला, खालचा बावडा भुईवरचा! ज्या कोणी ही नावे ठेवली त्याने ही वाट पायांनी तुडविलेली असली पाहिजे. आम्ही भुईबावड्याची वाट धरली.

उतार म्हणजे आराम, असा एक समज आहे. मोठ्या घाटाचा उतार हा सायकलवाल्याच्या पायांना आराम आणि हातांना शिक्षा असते. मी भाच्याला आधीच पढवून ठेवले होते की, ब्रेक एकसारखा दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. आणि दर दोन वळणांनी थांबायचे. पहिल्या थांब्याला त्याने चाकाच्या धावेला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. धाव चांगलीच तापली होती. घाट चढताना आपण जी शक्ती खर्च करतो ती कुठे नाहीशी होत नाही. ती उंचीच्या रूपाने साठून राहते आणि उतरताना परत मिळते. ती वेगात जाऊ द्यावी तर कपाळमोक्ष ठरलेला. म्हणून ब्रेक तिची उष्णता करतात. पुढे घरी बसून आम्ही हिशेब केला. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन ५०० मीटर खाली आणले, तर त्यातून निघणारी उष्णता सव्वा लिटर पाणी उकळण्यास पुरेल इतकी भरते. त्यातला काही भाग वारा नेतो. उरलेला धावेने आणि रबराच्या तुकड्यांनी सोसायचा.

थांबण्यामुळे एक लाभ झाला. दर थांब्याला अरण्य आमच्याशी बोलले. चाके फिरत असताना कानांत केवळ वारा असतो. ती थांबली की एकेक आवाज उमटू लागतो. माथ्याजवळ अंजनीची आणि जांभळीची दाट, गर्द झाडी होती. खाली ऐन, किंजळ, नाना अशी उंच झाडे दिसू लागली. एका ओढ्यावर गारंबीचा वेल झाडांना वेढून पसरला होता आणि त्याच्या हातभर लांब शेंगा तलवारीसारख्या लोंबत होत्या. एके ठिकाणी डोक्यावरून ‘भस् भस् भस्’ असा आवाज करीत काहीतरी गेले. भाचा दचकला. तो धनेश पक्षी होता. त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो. परंतु वाफेचे इंजिन भाच्याने कुठे ऐकले असणार! त्याच्या दृष्टीने इंजिनच धनेशासारखे वाजत असावे.

खाली उतरता उतरता हवा बदलली. स्वेटर निघाले, मग टोप्या निघाल्या. भुईबावड्याला पोहोचलो तेव्हा आम्ही जणू दुसऱ्या ऋतूत आलो होतो. काळ्या मातीऐवजी तांबडी माती, दगडी भिंतींऐवजी जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, दारापुढे पोफळी आणि माड. तासाभरापूर्वी ज्या ओढ्यांचे पाणी कुंभी नदीला मिळून पंचगंगेत, कृष्णेत आणि अखेर आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरात जाणार होते, ते मागे राहिले. इथले पाणी वाघोटन नदीतून विजयदुर्गाच्या खाडीत म्हणजे अरबी समुद्रात जाते. वरच्या पाण्याला समुद्र भेटण्यासाठी अख्खा दख्खन ओलांडावा लागतो. खालच्याला एका दिवसाची वाटही नसते. दोन्ही थेंब पडतात मात्र एकाच कड्यावर.

या वाटेने एके काळी मोठा व्यापार चाले. भुईबावड्यावरून खाली जाणारा रस्ता खारेपाटणला जातो. ते जुने बंदर. तिथे शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. १००८ चा ताम्रपट सापडला आहे. बंदरातले मीठ, सुके मासे, नारळ, कोकम बैलांच्या पाठीवरून वर जाई आणि वरचे धान्य, गूळ, मिरची खाली येई. सह्याद्रीत अशा वाटा पुष्कळ. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात तर सातवाहन राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. म्हणजे घाट हे काही केवळ लष्करासाठी किंवा हौशी प्रवाशांसाठी झालेले नाहीत. वरच्याला मीठ हवे होते आणि खालच्याला धान्य. त्या गरजेने ही वाट पाडली. तरीही वरचे लोक खालच्यांना ‘कोकणे’ म्हणून हसतात आणि खालचे वरच्यांना ‘घाटी’ म्हणून नाके मुरडतात. मीठ मात्र दोघांच्या जेवणात एकच!

वैभववाडीवरून वळणे घेत, लहानमोठे चढ चढत दुपारी एकच्या सुमारास आम्ही फोंड्याला पोहोचलो. डिसेंबर असूनही ऊन चटका देत होते. बाजाराच्या टोकाला एका घराच्या ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमचा अवतार पाहून त्यांनी हाक मारली, “खंयसून इलास?”

“कोल्हापुराहून,” भाचा म्हणाला.

“आणि आता खंय?”

“घाट चढून दाजीपूरला.”

आजोबांनी एकदा सायकलींकडे आणि एकदा सूर्याकडे पाहिले. “वायच बसा,” ते म्हणाले, “ह्या उन्हात घाट चढतात तो बैल पण न्हय.” त्यांनी विहिरीचे गार पाणी दिले, भाकरीबरोबर ताज्या नारळाची चटणी दिली आणि अडीच वाजेपर्यंत आम्हांला उठू दिले नाही. निघताना भाच्याने त्यांच्या विहिरीच्या पाण्याने आपली बाटली भरून घेतली.

बैलाचा उल्लेख आजोबांनी सहज केला. पण या घाटांच्या आखणीत बैलाचे स्थान मोठे आहे. रस्ते बांधले गेले त्या काळी त्यांवरून बैलगाड्या जावयाच्या होत्या. भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलजोडीला झेपेल एवढाच चढ ठेवणे भाग होते. वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर, म्हणजे विसास एक, हे प्रमाण डोंगरी रस्त्यांत आजही आदर्श मानले जाते. ५०० मीटर उंची अशा चढाने गाठायची तर १० किलोमीटरांचा रस्ता हवा. आणि सरळ रेषेत तेवढी जागा डोंगर देत नाही, म्हणून रस्त्याने वळणे घ्यायची. घाटातली नागमोडी वळणे ही शोभेसाठी नाहीत. ती बैलाच्या खांद्याची सोय आहे. आणि बैलाला जे झेपते ते सायकलवाल्यालाही बेताबेताने झेपते.

तीनच्या सुमारास आम्ही चढाला लागलो. पहिले दोन किलोमीटर भाचा माझ्या पुढे होता. तिसऱ्याला तो बरोबरीने आला. चौथ्याला त्याच्या बोलण्यातली वाक्ये लहान झाली आणि पाचव्याला बोलणेच थांबले. पायडलावर उभे राहून, अंगाचा भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर टाकीत तो चढत होता. मी त्याला म्हटले, “वळणाच्या बाहेरच्या अंगाने जा. आतल्या अंगाला चढ खडा असतो.” त्याने मान हलविली. वळण आले, त्याने जोर केला, आणि ‘खट्’ असा आवाज होऊन पायडल एकदम सैल फिरले. चेन तुटून रस्त्यावर पडली होती.

चार वाजून गेले होते. माथा अजून पाच किलोमीटर दूर होता. सूर्य सहाच्या सुमारास मावळणार. सायकल हाताने ढकलीत वर जायचे म्हटले तर वाटेतच अंधार होणार, हे उघड होते. खिशात मोबाइल होता. परंतु त्या घाटात त्याला रेंज नव्हती. भाचा चेन हातात घेऊन कठड्यावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते घामाचे आहे असे तो दाखवीत होता.

पुढच्याच वळणावर जांभ्याचे चिरे भरलेला एक ट्रक उभा होता. इंजिन तापले म्हणून चालकाने तो बाजूला घेतला होता. आम्हांला पाहून तो खाली उतरला, चेन हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाला, “सायकली वर टाकतो. चला, दाजीपुराक सोडतो.”

प्रश्न सुटल्यासारखा होता. मी ताईला दिलेला शब्दही त्यात पाळला जात होता. मी भाच्याकडे पाहिले. तो हळूच म्हणाला, “मामा, आधी चेन जोडता येते का ते पाहू या का?”

चालक हसला. “झिला, रडू नको. चेन तुटली म्हणान घाट काय तुटूक नाय,” असे म्हणत त्याने पेटीतून एक जाड खिळा व हातोडी काढली. एका चिऱ्यावर चेन ठेवून त्याने खिळ्याने तुटलेल्या कडीची पिन ठोकून बाहेर काढली, निकामी भाग बाजूला टाकला आणि उरलेली दोन टोके एकमेकांत बसवून पिन पुन्हा आत ठोकली. चेन आता बोटभर आखूड झाली होती. मग मागच्या चाकाचे नट सैल करून चाक किंचित पुढे सरकविले, तेव्हा ती नीट बसली. विनागिअरच्या सायकलीचा हा मोठा गुण : ती फारशी शहाणी नसते, म्हणून तिच्याशी बोलणी करता येतात. एवढ्या खटपटीत पाऊण तास गेला.

पाच वाजत आले होते. चालकाने पुन्हा विचारले, “आता काय?” भाचा माझ्याकडे पाहत राहिला. त्याला काय हवे होते ते मला दिसत होते. परंतु शब्द मी दिला होता, त्याने नव्हे. मी मनाशी अंतर मोजले, उजेड मोजला. पाच किलोमीटर, एक तास. अगदी काठाकाठाने जमण्यासारखे होते. माझी चलबिचल चालकाच्या ध्यानी आली असावी. तो म्हणाला, “मी वर चहाच्या टपरीकडे थांबतो. तासाभरात दिसलात नाय, तर पोराक आणि बॅटरी घेवन खाली येतो.” ‘पोर’ म्हणजे त्याचा क्लीनर. घाटात भेटलेल्या दोन अनोळखी माणसांसाठी चिऱ्यांचा ट्रक तासभर थांबवून ठेवणे, ही त्याच्या लेखी फार मोठी गोष्ट नव्हती. निदान त्याने तसे दाखविले नाही.

आम्ही निघालो. आता भाचा जोर करीत नव्हता. जोडलेल्या कडीची त्याला धास्ती वाटत होती. त्यामुळे तो संथ, एका लयीत पायडल मारू लागला आणि आश्चर्य असे की, पहिल्यापेक्षा कमी थकला. ऊन डोंगराआड गेले. खालच्या दरीतून गारवा वर येऊ लागला. एका वळणावर खाली पाहिले तर सकाळपासून आम्ही जिथे हिंडलो तो सारा मुलूख निळसर धुरात बुडालेला दिसला. भाचा खाली पाहून काही बोलला नाही. पुढचे वळण त्याने बाहेरच्या अंगाने घेतले.

माथा जेमतेम अर्धा किलोमीटर राहिला असेल. रस्ता सपाट होऊ लागला होता. इतक्यात भाचा थांबला आणि त्याने हात मागे करून मलाही थांबविले.

रस्त्याच्या मधोमध एक गवा उभा होता.

‘रानरेडा’ म्हणून लोक त्याला भितात आणि इंग्रजी नावाच्या घोटाळ्याने ‘बायसन’ही म्हणतात, पण तो रेडाही नव्हे आणि अमेरिकेतला बायसनही नव्हे. तो गाईबैलांच्या कुळातला रानटी प्राणी. पूर्ण वाढलेला नर हजार किलोंपर्यंत भरतो आणि त्याचा खांदा उंच माणसाएवढा असतो. हे सगळे मला ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि वीस पावलांवर संधिप्रकाशात उभे असलेले पाहणे, यांत फार अंतर आहे. काळेकभिन्न अंग, पाठीवरचा उंचवटा, कपाळावर करडे केस आणि चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि नाकातून एक जोराचा फुसकारा सोडला.

भाच्याचा अंगठा घंटीवर गेलेला मी पाहिला. मी हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. गव्याला वाट हवी असते, भांडण नको असते. त्याला हटकले नाही तर तो आपल्या मार्गाने जातो. पण त्याला किती वेळ हवा, हे तोच ठरवितो. आम्ही दोघे सायकली धरून उभे राहिलो. झाडीतून एक मादी बाहेर आली, तिच्यामागून दुसरी, मग एक तांबूस रंगाचे वासरू. वासरू रस्त्यावर आले आणि डांबरावर उमटलेल्या आपल्या खुरांच्या आवाजाने चकित होऊन थांबले. मादीने मागे वळून पाहिले. ते धावत पलीकडे गेले. मी मोजले, एकंदर नऊ जनावरे होती. ती सर्व पार होईपर्यंत तो नर जागचा हलला नाही. अखेर तोही सावकाश उतरला आणि कारवीची झुडपे मोडल्याचा आवाज दूर जात विरून गेला.

त्यानंतरही आम्ही थोडा वेळ तसेच उभे होतो. आकाशात उजेड होता, रस्त्यावर मात्र नव्हता. समोरून एक बॅटरीचा ठिपका हलत आला. ट्रकचालक आणि त्याचा क्लीनर होते. “सवासहा झाले!” चालक ओरडला. भाच्याने त्याला गव्यांची हकीकत सांगितली. इतकी भराभर, की त्यातले निम्मे शब्द त्याला कळले नसावेत. टपरीवर गरम चहा मिळाला. तिथल्या दिव्याकडे मी पाहिले. दिवेलागण होऊन गेली होती. ताईला हे सांगावे लागणार होते आणि पुढे सांगितलेही. तिने काय उत्तर दिले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

रात्री दाजीपूरला जेवताना भाच्याने चार भाकऱ्या खाल्ल्या. आम्ही केलेल्या हिशेबाप्रमाणे, ५०० मीटर चढण्यास माणसाला साधारणपणे अडीच ज्वारीच्या भाकऱ्यांची शक्ती खर्च करावी लागते. उरलेली दीड भाकरी गव्यांच्या खाती टाकावी लागेल.

दाजीपूरचे हे अरण्य पूर्वी कोल्हापूरच्या राजांचे शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. महाराष्ट्रातले ते सर्वांत जुने अभयारण्य. पुढे त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाऊ लागले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसह त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. सकाळी त्या झाडीतून जाताना भाचा प्रत्येक वळणावर गवे शोधीत होता. एकही दिसला नाही. ओल्या मातीत उमटलेले खूर मात्र जागोजाग दिसत होते.

राधानगरीचे धरण लागले तेव्हा आम्ही थांबलो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाहू महाराजांनी भोगावती नदीवर हे धरण बांधावयास घेतले. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडतात आणि उतरले की मिटतात. डिसेंबरात ते अर्थातच बंद होते. भाच्याने बाटली काढली. तिच्यात फोंड्याच्या विहिरीचे घोटभर पाणी शिल्लक होते. त्याने ते प्यायच्याऐवजी रस्त्याच्या कडेच्या ओहोळात ओतले.

“का रे?” मी विचारले.

“हे अरबी समुद्रात जाणार होते ना,” तो म्हणाला, “आता बंगालच्या उपसागरात जाईल.”

मग उतार लागला, उसाची राने लागली, आणि गुऱ्हाळांचा वास येऊ लागला. चालकाने चेन जोडताना वापरलेला तो खिळा भाच्याने मागून घेतला होता. तो अजूनही त्याच्या पंक्चरच्या डबीत आहे. गेल्या वर्षी त्याने गिअरची नवी सायकल घेतली, तेव्हा डबी बदलली; खिळा जुनाच आहे.